बाहेरचं

खोपोली
९ मे १९८७

प्रिय आत्या,

जय भीम.

तुझ्या पायाचं प्लॅस्टर आणि तुझा राग, दोन्ही जागेवर असतील असं धरून चालतो. प्लॅस्टर डॉक्टर काढतील. राग कुणी काढू नये, त्यावर आपलं अर्धं घराणं चालतं.

आता बातमी. आत्या, मी भुताचा सिनेमा काढला! आणि काढला हे मलाच माहीत नव्हतं.

तीन तारखेला खालापूरच्या पलीकडे आंबेशेत गावात गजाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. व्हिडिओ शूटिंग माझं. घरातले विधी एका कॅसेटमध्ये, वरात, बँड, पंगती दुसरीत. एकीवर लिहितो ‘आतलं’, दुसरीवर ‘बाहेरचं’. तशा दोन्ही लिहून इथं नामाच्या व्हिडिओ सेंटरवर ठेवल्या, गजा बाजाराला आला की नेईल म्हणून.

परवा कारखान्याची पाळी सुटल्यावर नेहमीची मंडळी नामाकडे सिनेमा बघायला आली. कोंडाजीला ती कॅसेट दिसली.

“हे काय रं नामा? बाहेरचं?”

“कमळ्यानं ठेवलंय. मला नाय ठाव.”

“कुनाला लागलेलं बाहेरचं?”

“मी बघितलं नाय.”

“आरं मंग लाव की!”

आपल्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा, दुसरं काय! लावली. अर्धा तास नुसतं लग्न चाललंय आणि एक माणूस जागचा हलला नाही. एरवी लग्नाची कॅसेट नवऱ्याची आईसुद्धा एवढी बसून बघत नाही. सगळे वाट बघत होते.

पुढं काय झालं होतं, तर वरात आटपल्यावर पलीकडच्या टेकाडावरून गावाचा देखावा घ्यावा म्हणून मी शेतातून निघालो. कॅमेरा बंद केला असं मला वाटलं. तो चालू होता. त्यामुळं दिसतं ते असं : हलणारी जमीन, माझ्या चपला, माझा श्वास. राईच्या कडेला एक बाई. विटकं लुगडं, कमरेपर्यंत मोकळे केस, दोन्ही हात अंगालगत सरळ. कॅमेरा पुढं जातो. मग मागं वळतो. ती तशीच. हलत नाही, पापणी लवत नाही, आपल्याकडेच बघतेय. मी भराभर चालायला लागतो, श्वास वाढतो, बांधाला ठेच लागते, आभाळ, गवत, आणि काळं.

खुर्च्या पडल्या, आत्या! नामानं घाबरून तिथंच कॅसेट बंद केली. कोंडाजी, जो स्मशानाच्या वाटेनं विडी ओढत घरी जातो, तो उठून दारात उजेडाला जाऊन उभा राहिला. लाखो रुपयांचे सिनेमे बघताना हे लोक जांभया देतात. माझ्या सात मिनिटांनी त्यांना खुर्च्यांवरून उठवलं. ती बाई म्हणजे साधी एक म्हातारी, न्हाऊन केस वाळवणारी. पण मग हे का झालं? तू पुस्तकं खाल्लीस, तू सांग. तिथपर्यंतची नक्कल करून टेंपोवाल्या धाऊच्या हाती पाठवतो आहे. तो रोज तुमच्या रसायनीला माल घेऊन येतोच.

तुझा
कमळाकर


मोहोपाडा
१२ मे १९८७

प्रिय कमळाकर,

सप्रेम जय भीम.

समोरच्या कॉलनीतल्या येसूबाईंकडे व्हीसीआर आहे. त्यांनी आणि त्यांच्या जावेनं मला खुर्चीसकट उचलून नेलं. दुपारचे तीन वाजले होते, दार उघडं होतं, बाहेर भंगारवाला ओरडत होता. बावीस वर्षं मी व्यासपीठावर उभी राहून भुतांची हाडं मोडते आहे. आणि तुझ्या बाईनं दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला! येसूबाईंनी घाबरून माझा प्लॅस्टरचा पाय धरला. मला कळलंसुद्धा नाही.

मी संतापले, स्वतःवर. मग आणखी दोनदा बघितलं, शेवटी वही घेऊन.

ऐक. सिनेमातलं नेहमीचं भूत मला हसवतं, कारण ते माझ्यासाठी नटून आलेलं असतं. दार करकरतं, वाद्यं किंचाळतात, म्हणजे मला आधीच हुकूम होतो की आता घाबर. हुकूम झाला की मी तो मोडते. तुझ्या कॅसेटमध्ये हुकूमच नाही. तिथं कुणी माझ्याकडे लक्षच देत नाही. तो बेसूर सनईवाला, भाताला हाका मारणारा पंगतीतला म्हातारा, कॅमेरा वळला की तोंडावर पदर ओढणाऱ्या बायका. इतकं कंटाळवाणं मुद्दाम कुणी रचत नाही रे! त्या कंटाळ्यानं माझा विश्वास मिळवला, आणि विश्वास बसल्यावर तू मला त्या राईपाशी नेलंस. कोपऱ्यात आकडे : बारा वाजून सात मिनिटं. भूत खोटं बोलेल, घड्याळ कशाला बोलेल? आणि अंधाराचा आडोसाही नाही. भर दुपार. उजेडातसुद्धा सुटका नाही म्हटल्यावर माणसानं जायचं कुठं?

पण सगळ्यात मोठी गोष्ट, तू. तू एकदाही दिसत नाहीस. तुझा फक्त श्वास ऐकू येतो, आणि तो चढला की माझा चढतो. ज्याच्या डोळ्यांनी आपण बघतो तो आपला होतो, आणि ज्याच्याकडे बघतो ते परकं होतं. हे मी नीट दोन वेळा खोडून लिहिलं आहे, तूही दोनदा वाच.

आणि तो शेवट! तो शेवटच नाही, ते तुटणं आहे. सभेत मी एक गोष्ट शिकले. जे पूर्ण बोलते ते लोक मैदानात टाकून जातात, जे अर्धवट सोडते ते घरी नेतात. म्हणून तू पडल्यानंतर काय झालं ते मला लिहू नकोस. अजिबात नको! मलासुद्धा ते माहीत नसण्यातच त्याचं बळ आहे.

आता कामाचं. सात जूनला रविवारी खालापूरला आपली सभा आहे. तोवर प्लॅस्टर निघेल. मैदानात टीव्ही लावायचा, हीच कॅसेट दाखवायची. हजार माणसं गारठली पाहिजेत. मग मी उठणार आणि सांगणार की बाबांनो, ही न्हाऊन उभी राहिलेली एक म्हातारी आहे. भीती खरी होती, भूत खोटं होतं. पोथ्यांपासून भगतापर्यंत सगळा धंदा या एका फटीतून चालतो! कमळाकर, असं भाषण या तालुक्यानं ऐकलेलं नाही. तोवर तोंडाला कुलूप. ती कोण, कुठली, एक अक्षर कुणाला सांगायचं नाही. शब्द दे.

तुझी आत्या
चंद्रभागा


खोपोली
१७ मे १९८७

प्रिय आत्या,

जय भीम.

शब्द दिला. आणि तुझं पत्र मी नामाला, कोंडाजीला, सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद सोडून!

तू लिहिलंस ते धरून दाखवायला वेगळी कॅसेट तयार केली. लग्न दहा मिनिटं ठेवलं, कंटाळा येईल इतकंच. मग शेत, राई, बाई, पडणं. पुढचं कापलं. तसंही ते सगळं बिघडवणारं होतं. ही कॅसेट आता माझ्याआधी गावोगाव पोचते. चौकला दाखवली, कर्जतला दोनदा दाखवली. माथेरानच्या एका हॉटेलचा मॅनेजर घोड्यावरून स्टेशनपर्यंत मला भेटायला आला. पाहुण्यांना ही दाखवायची म्हणतो, आणि विचारतो, “सापडली कुठं?” मी नुसती मान हलवली. तो आणखी घाबरला.

आणि मी प्रयोग केले, तुझाच भाचा. नामा म्हणाला म्हणून एकदा मागं वाद्यं घातली. लोक हसले! वाद्यं काढली, पुन्हा गप्प. मग वाटलं, दुसरी काढू, आपल्या हातानं. आपल्या सोमाला लुगडं नेसवून, केस लावून पाताळगंगेच्या काठाला उभं केलं. मीही तसाच धापा टाकत चाललो, तसाच पडलो, गुडघा फोडून घेतला. दाखवली तर एक बाई म्हणाली, “ह्यो तर आपला सोमा, याला कुनी लुगडं नेसवलं?” सोमा हलत होता, आत्या. त्याला माहीत होतं की आपण भूत आहोत. ती बाई हलली नाही. कुणी जिवंत माणूस सबंध मिनिटभर तसं का उभं राहील, हेच मला सुटत नाही.

आंबेशेतची माणसंही इथं येऊन बघून गेली. गजा बघताक्षणी म्हणाला, “ही तर आमची गोदूबाय!” राईच्या कडेला एकटी राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आणि मजा म्हणजे नव्या नवरीला, शकूला, लग्नापासून ताप आहे. दोन्ही गोष्टी जोडून गावात कुजबुज चालली आहे. तुझ्या भाषणाला आयता मसाला! मला विचारतात तेव्हा मी गप्प. शब्द म्हणजे शब्द.

कमळाकर


मोहोपाडा
२० मे १९८७

प्रिय कमळाकर,

सोमाचं वाचून मी इतकी हसले की येसूबाई धावत आल्या. पण त्यात केवढं मोठं सांगितलंस तू! ज्याला भूत व्हायचं असतं त्याचं भूत होत नाही. ज्याला आपण भूत दिसतो आहोत याची कल्पनाच नाही, त्याच्यापुढं आपण थिजतो. भाषणात घेते.

कुजबुज चालू दे. गळू पिकू दे, मग मी फोडते. भाषणाची बावीस पानं झाली आहेत. आता मधल्या थांब्यांचा सराव करते. येसूबाई समोर बसून घाबरण्याचं काम करतात.

सात जूनपर्यंत कुलूप!

चंद्रभागा


खोपोली
२८ मे १९८७, सकाळ

आत्या,

हे पत्र धाऊच्या हाती देतो आहे, आज संध्याकाळी तो परतेल तेव्हा उत्तर त्याच्याच हाती दे. चूक झाली आहे. मोठी.

सोमवारी आंबेशेतच्या लोकांनी गोदूबाईला विहिरीवर चढू दिलं नाही. तिच्या घराची शेताकडची कुडाची भिंत मोडून टाकली. दारात लिंबं आणि राख. शकूचा ताप उतरेना म्हणून भगत आणला होता, त्यानं सांगितलं की बाहेरचं आहे, आणि ते तर सगळ्या तालुक्यानं टीव्हीवर बघितलं आहे. येत्या रविवारी, एकतीस तारखेला, गावकी बसणार आहे. गोदूबाईला शिवेबाहेर घालायचा ठराव आहे.

काल मी गेलो. ती उरलेल्या कुडाला शेण लावत होती. मला बघून म्हणाली, “तू त्योच ना रं, पडलेला?”

आता तुला न लिहिलेलं लिहितो. मी पडल्यावर कॅमेरा गवतात पडून आणखी चार मिनिटं चालू होता. ती धावत आली. मला उठवलं. पाण्याचा तांब्या आणला. मी आधीच सांगितलं, “मावशी, मी बौद्धवाड्यातला.” ती म्हणाली, “मंग? तुमाला तहान लागत नाय काय?” हे सगळं कॅसेटमध्ये आवाजासकट आहे. मीच कापलं. तेवढं ठेवलं की भीती जात होती.

मी विचारलं, “मावशी, त्या दिवशी तुम्ही हलला का नाही?”

“कशी हलू? फोटू काढत होतास ना?”

“फोटो?”

“मंग काय! माझ्या भावानं एकदा खोपोलीला फोटू काढवला. तो फोटूवाला काय वरडला माझ्यावर, बाई हलू नका, डोळं मिटू नका. मी हलले नि फोटू वाया गेला. ही बोटं बी सरळ धराया सांगितलेली. म्हनून त्या दिशी म्हटलं, आता नाय हलायचं. न्हाऊन केस मोकळं होतं, बांधाया गेले तर तू निघून जाशील. तशीच उभी रायले.”

आत्या, ती फोटोसाठी उभी होती.

मी तिथून तडक गजाकडे गेलो. मूळ कॅसेट त्याच्याच टीव्हीवर लावली, पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळी दाखवली. तो काय म्हणाला माहीत आहे? “ह्ये तू मागनं केलंस. पयलं गावलं ते खरं.” मी म्हटलं, अरे, दोन्ही एकाच कॅसेटवर आहे, घड्याळ बघ. तर म्हणतो, “आनि तिनं तुला पानी दिलं ना? त्यातच घातलं असंल कायतरी. म्हनून तू तिची बाजू घेतोस.”

आता मी काय करू? तुझ्या सात जूनला थांबलो तर त्याआधी तिचं घर जातं.

कमळाकर


मोहोपाडा
२८ मे १९८७, दुपार

कमळाकर,

धाऊ टेंपो खाली उभा करून थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

चूक तुझी नाही, माझी आहे. ‘पुढं काय झालं ते लिहू नकोस’ हे वाक्य माझं आहे. भिण्याची खुमारी टिकावी म्हणून मी एका जिवंत बाईचं नाव विचारलं नाही, आणि तू लिहिलंस तेव्हा त्याच्यावरून पुढं वाचत गेले. गळू पिकू दे म्हणाले! ते कुणाच्या अंगावर पिकतं आहे? अंधश्रद्धेवर भाषण करता यावं म्हणून मी अंधश्रद्धा वाढू दिली, कारण मला हजार माणसांची टाळी हवी होती. भगताला निदान पोट आहे म्हणता येईल. मला काय होतं? बावीस पानं चुलीत घातली. येसूबाईंनी चहा त्याच्यावर केला.

सोबत मामलेदार कचेरीसाठी अर्ज आहे, पोलिसांसाठी दुसरा. दोन्ही उद्या सकाळीच दे. पण आपल्याला माहीत आहे, कागद सोमवारी उघडतील आणि गावकी रविवारी बसेल.

म्हणून ऐक. मूळ कॅसेट पुन्हा दाखवू नकोस. सापडलेल्या गोष्टीला खुलासा जोडला की खुलासाच बनावट वाटतो, गजानं तुला तेच सांगितलं. तिला समोर उभं करून ती निर्दोष आहे असंही भाषण करू नकोस. समोर जो उभा राहतो तो आरोपीच दिसतो. मी तुला लिहिलं होतं ना, ज्याच्या डोळ्यांनी बघतो तो आपला, ज्याच्याकडे बघतो ते परकं? मग हत्यार आपल्याच हातात आहे, उलटं धर!

नामाचा टीव्ही घेऊन जा. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोड आणि कॅमेरा गोदूबाईच्या खांद्यावर दे. तिला बघू दे. गावाला तिच्या डोळ्यांतून गाव दिसू दे, तिचा श्वास ऐकू दे. याचा उपयोग होईल की नाही मला माहीत नाही. पहिल्यांदाच मला माहीत नाही. पण आधी तिला विचार. तिची इच्छा असेल तरच.

जा. पळ!

चंद्रभागा


खोपोली
१ जून १९८७

प्रिय आत्या,

जय भीम! जय भीम! जय भीम!

घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

अर्ज दिले, शिक्के घेतले. शनिवारी जाऊन गोदूबाईला विचारलं. तिनं कॅमेरा हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाली, “यवढाच? मी भाताचा भारा वाहिलाय रं.” मग विचार करून म्हणाली, “मी कुनाच्या बी पाया पडनार नाय, तेवढं आधी सांगून ठेवते.” मी म्हटलं, पडू नका.

रविवारी सकाळी दहा वाजता देवळाच्या मंडपात गावकी बसली. बाया कडेला, पोरं खांबांवर. शकूलाही आणून बसवलं होतं, घोंगडीत गुंडाळून, पुरावा म्हणून. भगत होता. गोदूबाईला मंडपाबाहेर, उन्हात उभं राहायला सांगितलं. मी नि नामा टीव्ही घेऊन पोचलो तेव्हा गजा ओरडला, “आता आनि काय लावतोस?”

मी म्हटलं, “काही लावत नाही. कॅसेटच नाही आणली. बघ, रिकामा आहे.”

“मंग ह्यो डबा कशाला?”

नामा म्हणाला, “आरं बघ तरी! फुकाट हाय.”

टीव्ही देवळाच्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. वायर जोडली. टीव्ही आधी जोरात किंचाळला, अर्धी बायामंडळी उठून उभी राहिली. तो कॅमेऱ्याचाच आवाज होता, मी तो कमी केला. मग कॅमेरा गोदूबाईच्या खांद्यावर दिला, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं, आणि बाजूला झालो.

पहिल्यांदा तिचे पाय दिसले. मग धूळ. तिचा श्वास सगळ्या मंडपात ऐकू येत होता, खोल, म्हातारीचा, मधेच शीळ वाजल्यासारखा. मग तिनं कॅमेरा वर केला आणि गावाकडे धरला.

आणि आत्या, हे ना तुला सुचलं होतं ना मला! सगळं गाव ताठ झालं. कॅमेरा आपल्याकडे वळला म्हणताच सगळे फोटोला बसले! गजानं मान वर केली, हात मांडीवर सरळ ठेवले, डोळे वटारले. भगतानं टोपी नीट केली आणि दगड झाला. बायका पदर सारखा करून एका रांगेत, ओठ मिटून. एक माणूस हलत नव्हता, पापणी लवत नव्हती. आणि पायरीवरच्या टीव्हीत तेच दिसत होतं : चाळीस माणसं, भर दिवसा, निश्चल, एकटक आपल्याकडे बघणारी. आणि ऐकू येत होता तो त्यांच्यासमोर एकट्या उभ्या असलेल्या एका बाईचा श्वास. मी खोटं सांगत नाही, मला त्या गावाची भीती वाटली.

गोदूबाई सावकाश कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत होती. एकेका चेहऱ्यावर थांबत होती. मग म्हणाली, आणि ते टीव्हीतून सगळ्यांना ऐकू गेलं, “बगा. कशी बसल्यात. आनि म्हनं मी भूत.”

आवडी म्हणून एक म्हातारी आहे, दात नसलेली. तिनं टीव्हीकडे बघितलं, गजाकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे. आणि हसायला लागली. “आगं बाय! गजा बग, गजा! मेल्यावानी दिसतोय!” मग पोरं हसली. मग बायका. गजा हलला, तसा टीव्हीतला गजाही हलला, तेव्हा तर हसू आवरेना.

“बंद कर ते!” गजा ओरडला.

“का रं?” आवडी म्हणाली. “तिला सात मिन्टं बघत व्हतास, आमाला दोन मिन्टं तुला बघू दे की!”

“आनि तुमी तरी का असं दगडावानी बसलाव?” गोदूबाईनं विचारलं. कॅमेरा खाली घेतला नव्हता.

कुणीतरी मागून म्हणालं, “फोटू हालंल म्हनून.”

 मला काही समजावून सांगावं लागलं नाही, आत्या. सांगितलं असतं तर बिघडलं असतं.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही. गजा उठून गेला. भगत म्हणाला की यंत्रात पण शिरू शकतं. दोन घरं अजून त्याचं ऐकतात. पण ठराव झाला नाही, गावकी तशीच मोडली, आणि दुपारी गोदूबाई कळशी घेऊन विहिरीवर चढली तेव्हा आवडी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आज सकाळी पोलीसही येऊन गेले, गजाकडून कुडाची भरपाई लिहून घेतली. शकूला आम्ही येतानाच नामाच्या गाडीतून खोपोलीच्या डॉक्टरकडे आणलं. मलेरिया. गोळ्या चालू आहेत.

माथेरानच्या हॉटेलची कॅसेट परत मागवली. बाकीच्या गोळा करतो आहे. मिळेल तिथं त्यावर दुसरी लग्नं घेतो.

तू गोदूबाईला पत्र लिही. सात तारखेची सभा तिच्यासाठीच झाली पाहिजे.

तुझा
कमळाकर


आंबेशेत
५ जून १९८७

चंद्रभागाबाईंस नमस्कार.

गोदूबाई सांगते आहे आणि मी, शकू, लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकले आहे. ती बोलते तसंच लिहायचं असं तिनं बजावलं आहे.

बाई, तुमचं पत्र शकूनं वाचलं. तुमी माफी मागितलीत, ती घेतली. पन तुमी लिवता, सात तारखेला मला स्टेजवर तुमच्या बाजूला खुर्ची देनार, हजार मान्सांना दाखवनार की ही बगा, हीच ती. बाई, यवढे दिस मला दाखवूनच चाललंय की. आता पुन्हा दाखवाया बसवू नका. मी येनार नाय.

आनि तुमी लिवलंय की मानूस दिसत नाय त्याला भितो. मी काय दिसत नव्हते काय? चाळीस वरसं याच राईपाशी राहते. याच विहिरीवर रोज दिसत होते. गजाच्या बारशाला मी भाकऱ्या थापल्यात. तुमच्या वहीत ते लिवा.

तुमचा पाय बरा झाला म्हनजे तुमीच हिकडं या. धाऊचा टेंपो फाट्यापर्यंत येतो. भाषन नको. कूड अजून अर्धा हाय, शेन लावाया मानूस लागतं. कमळाकरला म्हनाले, तुझ्या यंत्रातून माझा फोटू दे, तर म्हनतो यातून कागदावर निघत नाय. निघत नव्हता तर मला तवाच सांगायचं व्हतं, मी उनात उभी रायले नसते.

गोदूबाई

(बाई, हे मी माझं लिहिते, तिला वाचून दाखवणार नाही. माझा ताप लग्नानंतर सुरू झालेला नाही. हळदीच्या दिवशीच होता. लग्न मोडेल म्हणून मी बोलले नाही. कॅसेटमध्ये वरातीत मी आहे. मे महिन्याच्या दुपारी शालूत थरथरते आहे, ते स्पष्ट दिसतं. ती कॅसेट सगळ्यांनी कितीतरी वेळा बघितली. शकू)